फिडल लीफ फिग घराबाहेर लावताय? आधी कुंडी की जमीन, ते ठरवा

इंटिरियरच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत सोफ्याशेजारी एक उंच झाड उभं असतं. जाडसर, चकचकीत, मोठी पानं. देठाकडे निमुळती, मधे थोडी आवळलेली आणि टोकाला रुंद. तेच फिडल लीफ फिग. फोटोत ते कायम ताजंतवानं दिसतं. आपल्या हॉलमध्ये आणलं की दोन महिन्यांत खालची पानं तपकिरी पडतात, मग एकेक करून गळतात. घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘तुझ्या हाताला गुण नाही.’

हाताचा यात फारसा दोष नसतो. झाड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं आणि त्याला गरजेपेक्षा जास्त पाणी मिळत असतं. तेच झाड उजेडात, मोकळ्या हवेत ठेवलं, तर उष्ण गावात ते जोमाने वाढतं. इतकं जोमाने, की मग दुसराच प्रश्न उभा राहतो: एवढं मोठं झाड ठेवायचं कुठे?

म्हणून या वेळच्या सदरात हे झाड घराबाहेर कसं वाढवायचं ते बघू या. सगळा हिशेब मी तंजावरच्या हवामानाचा धरला आहे. इथे थंडी जवळपास नसतेच, ऊन वर्षभर असतं आणि मोठा पाऊस दिवाळीच्या आसपास येतो. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी काय बदलायचं, ते शेवटी दिलं आहे.

हे झाड मुळात कुठलं?

फिडल लीफ फिग पश्चिम आफ्रिकेतलं. सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या सखल, दमट जंगलांत ते आपलं आपण वाढतं. ओटो वारबर्ग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये त्याला ‘फायकस लिराटा’ हे शास्त्रीय नाव दिलं. यातला ‘फायकस’ म्हणजे आपल्या ओळखीचं घराणं. वटपौर्णिमेला आपण ज्याला दोरा गुंडाळतो तो वड, पारावरचा पिंपळ, दत्ताच्या देवळातला उंबर आणि बाजारातलं अंजीर, हे सगळे फायकसच. म्हणजे सोफ्याशेजारचं ते शोभेचं झाड वडाचं चुलतभावंड आहे.

स्वभावही घराण्याला साजेसा. जंगलात ते बऱ्याचदा दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतं, तिथून मुळं खाली जमिनीपर्यंत सोडतं आणि हळूहळू आधार दिलेल्या झाडालाच वेढून टाकतं. मोकळ्या जमिनीत त्याची उंची १२ ते १५ मीटर होते, म्हणजे साधारण चार मजली इमारतीएवढी. एकेक पान ४५ सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकतं. हॉलमधल्या सहा फुटी झाडाकडे बघून हे खरं वाटत नाही, पण पुढचं सगळं गणित याच उंचीवर अवलंबून आहे.

नावाचीही एक गंमत आहे. ‘लिराटा’ म्हणजे लायर नावाच्या तंतुवाद्यासारखं, आणि फिडल म्हणजे व्हायोलिन. पान हातात धरलं की व्हायोलिनचा तो मधे आवळलेला आकार लगेच दिसतो. तंजावरात हे नाव परकं वाटत नाही. सरफोजी महाराज दुसरे यांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तंजावरच्या मराठा दरबारात होते. युरोपातून आलेलं व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवणाऱ्यांमध्ये बालुस्वामी दीक्षितर यांच्याबरोबर या वडिवेलूंचं नाव घेतलं जातं. परक्या मुलखातलं वाद्य इथे आलं, इथल्या पद्धतीने मांडीवर बसून वाजू लागलं आणि इथलंच झालं. त्याच आकाराच्या पानांचं झाडही इथे रुजेल, फक्त त्याला इथली पद्धत लावायला हवी.

तंजावरची हवा त्याला का मानवते?

पहिलं कारण थंडी. फिडल लीफला १० अंशांखालची थंडी सोसत नाही. तंजावरात जानेवारीतली पहाटसुद्धा साधारण २० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे झाड रात्री आत घेण्याची वेळ कधी येत नाही.

दुसरं कारण दमटपणा. कावेरीचा त्रिभुज प्रदेश, आजूबाजूला भातखाचरं आणि कालवे, फार दूर नसलेला समुद्र. एअर कंडिशनरच्या कोरड्या हवेत या झाडाच्या पानांच्या कडा करपतात. इथल्या अंगणात तो त्रास कमी होतो.

पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ अंशांवर जातो आणि दुपारचं ऊन पानं भाजून काढतं. बहुतेक घरांत बोअरचं जड पाणी असतं, त्यातले क्षार कुंडीत साचत जातात. आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मान्सून येतो, त्याच्यासोबत कधी कधी चक्रीवादळही. या तिन्हींवर उपाय आहेत. त्याआधी मोठा निर्णय.

कुंडी की जमीन?

‘आता कुंडीत ठेवू, मोठं झालं की बागेत लावू,’ असं आपण सहज म्हणून जातो. फिडल लीफच्या बाबतीत हे वाक्य जरा विचार करून म्हणायला हवं. कुंडीतलं झाड हा दोन-पाच वर्षांचा मामला आहे. जागा बदलता येते, छाटता येतं, घर सोडताना सोबत नेता येतं. जमिनीत लावलेलं झाड आपल्यानंतरही उभं राहणार असतं.

जुन्या चुन्याच्या भिंतींच्या भेगांत, देवळांच्या शिखरांवर वड-पिंपळाची रोपं उगवलेली तुम्ही पाहिली असतील. छोटंसं दिसणारं ते रोप काढायला गेलं की विटा सुटतात, कारण मूळ आत खोलवर पोचलेलं असतं. फिडल लीफ त्याच घराण्यातलं. कुंपणाच्या भिंतीला चिकटून, सेप्टिक टँकजवळ किंवा पाण्याच्या पाइपवर ते लावलं, तर पहिली काही वर्षं काहीच होणार नाही. झाड डेरेदार होईल, सगळे कौतुक करतील. मग फरशी उचलली जाईल, भिंतीला तडा दिसेल, आणि तोवर झाड इतकं मोठं झालेलं असेल की तोडण्याचा खर्च आणि वाईट वाटणं, दोन्ही आपल्याच वाट्याला. भिंत शेजाऱ्यांची असली, तर संबंधही बिघडतात.

म्हणून जमिनीत लावायचं असेल तर या अटी तपासा:

घराची भिंत, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी आणि बोअर यांपासून किमान २० फूट अंतर हवं.

वरून विजेची तार जात नसावी.

पावसात तिथे पाणी साचून राहत नसावं. त्रिभुज प्रदेशातली काळपट, चिकट माती पाणी धरून ठेवते. या झाडाच्या मुळांना ओल चालते, तळं चालत नाही.

जागा तुमची स्वतःची असावी, आणि घरातल्या सगळ्यांना हे झाड केवढं होणार आहे याची कल्पना असावी.

यातली एकही अट पूर्ण होत नसेल, तर कुंडीच घ्या. भाड्याच्या घरात, गच्चीवर, लहान अंगणात तर प्रश्नच नाही. नर्सरीत ‘बॅम्बिनो’ नावाची ठेंगणी जात मिळते. तिची पानं लहान असतात आणि ती आटोपशीर राहते. छोट्या जागेसाठी तीच बरी.

गच्चीवर ठेवणार असाल तर अजून एक बघा. दीड फुटी मोठी कुंडी ओल्या मातीसकट ८० ते १०० किलोंची सहज होते. तंजावरातल्या जुन्या घरांना लाकडी तुळयांवर विटा आणि चुना घातलेली मद्रास टेरेस असते. अशा गच्चीच्या मधोमध जड कुंड्या ठेवू नका. खालून भिंतीचा आधार आहे अशा कडेला ठेवा, आणि गच्ची आधीच गळत असेल तर तिथे बाग करण्याआधी दुरुस्ती करून घ्या.

जुन्या घरात मधला उघडा चौक असेल तर तुम्ही नशीबवान. तमिळमध्ये त्याला ‘मुट्रम’ म्हणतात. वरून उजेड, चारी बाजूंनी वाऱ्यापासून आडोसा आणि दिवसातला थोडाच वेळ थेट ऊन. कुंडीतल्या फिडल लीफला याहून चांगली जागा मिळणं कठीण. पाणी जायची मोरी मोकळी आहे ना, तेवढं पाहा.

घरी आणल्यावरचे पहिले तीन आठवडे

नर्सरीतलं रोप बहुधा हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेलं असतं. ते घरी आणून दुसऱ्याच दिवशी उन्हात ठेवलं, तर दोन दिवसांत पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात. हा रोग नाही, पान भाजलेलं असतं. भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही.

म्हणून ऊन हप्त्याहप्त्याने वाढवा. पहिला आठवडा ओट्यावर, छपराखाली, जिथे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठपर्यंतचं ऊन. तिसऱ्या आठवड्यात साडेनऊ-दहापर्यंत. त्यानंतर नवी येणारी पानं त्या जागेच्या उन्हाला साजेशी, जाड येतात. कुंडी बदलण्याची घाईही पहिल्या तीन आठवड्यांत करू नका. प्रवास, नवी जागा आणि नवी माती, तिन्ही धक्के एकदम नकोत. या काळात एखाद-दोन पानं गळली तर घाबरू नका.

एप्रिल आणि मे हे दोन महिने सोडून कधीही रोप आणलं तरी चालतं.

सावली कुठल्या बाजूला असते?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण तंजावरात फसवतो. आपण लहानपणापासून ऐकतो की उत्तरेची बाजू सावलीची. तंजावर विषुववृत्तापासून जेमतेम ११ अंशांवर आहे. तिथे साधारण १८ एप्रिलच्या सुमाराला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि पुढे ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात उत्तरेकडच्या बाल्कनीत ऊन येतं आणि दक्षिणेच्या भिंतीला सावली मिळते. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट.

त्यामुळे दिशेचं नाव बघून जागा ठरवू नका. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा. वर्षातून दोनदा, मे आणि डिसेंबरमध्ये, असं करा. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली, अशी जागा कुंडीतल्या झाडासाठी सगळ्यात चांगली. म्हणजे पूर्वेची बाजू. पश्चिमेची भिंत टाळा. दुपारभर तापलेली भिंत संध्याकाळीही झाडावर उष्णता फेकत राहते. दुसरी जागाच नसेल तर एप्रिल-मेमध्ये ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा.

कुंडीही तापते. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर काळी प्लॅस्टिकची कुंडी म्हणजे मुळांना तव्यावर ठेवण्यासारखं आहे. मातीची कुंडी घ्या आणि ती दोन विटांवर ठेवा. खालून हवा खेळते, पावसात पाणीही निथळतं.

माती आणि पाणी

शेतातली चिकट माती थेट कुंडीत भरू नका. दोन-चार महिन्यांत ती दगडासारखी घट्ट होते. तंजावरजवळ वल्लमच्या बाजूला तांबडी माती मिळते, नर्सरीवालेही तीच वापरतात. दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण करा. मूठभर निंबोळी पेंड घाला. गिरणीतून भाताचं काळं जळकं तूस मिळालं तर वाळूऐवजी थोडं तेही चालतं. माती भुसभुशीत राहते. कोकोपीट वापरण्याआधी दोनदा पाण्यातून काढून पिळून घ्या, कारण त्यात मीठ असू शकतं.

पाण्याचा नियम एकच. बोट मातीत दोन पेरं खाली घाला. कोरडं लागलं तर पाणी घाला, ओल लागली तर थांबा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंडीला रोजही पाणी लागेल, नोव्हेंबरच्या पावसात आठवडाभर एक थेंबही लागणार नाही. ‘दर रविवारी एक तांब्या’ असला नियम या झाडाला चालत नाही. घालाल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घाला. शक्यतो सकाळी.

कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी खरपुडी दिसते का? ते बोअरच्या पाण्यातले क्षार. महिन्यातून एकदा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने कुंडी धुऊन काढल्यासारखं भरपूर पाणी घाला, म्हणजे क्षार खाली वाहून जातील. एअर कंडिशनरमधून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. मात्र आरओ फिल्टरमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी रोज कुंडीला घालू नका. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त झालेले असतात. तांदूळ धुतलेलं पाणी आठवड्यातून एकदा चालेल, पण मीठ घातलेली पेज नको.

कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवा. साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात आणि त्यात डासही होतात. डेंग्यूच्या दिवसांत हे विसरू नका.

खत साधं. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत. ईशान्य मान्सूनच्या मुसळधार पावसात घातलेलं खत वाहून जातं, तेव्हा थांबा.

वादळ येण्याआधी

१६ नोव्हेंबर २०१८ ची पहाट तंजावर जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. गाजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं आणि पट्टुकोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडूच्या भागात नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. वाऱ्याला वाट देणारा, झावळ्यांचा नारळ जिथे टिकला नाही, तिथे शिडासारख्या मोठ्या पानांच्या झाडाचं काय होईल ते सांगायला नको. पान मोठं म्हणजे वारा जास्त अडतो. वारा अडला की एकतर फांदी मोडते, नाहीतर कुंडीसकट झाड खाली येतं. गच्चीच्या कठड्यावरून पडलेली कुंडी खाली कुणाच्या डोक्यात बसेल, हा विचार झाडापेक्षा आधी करायला हवा.

म्हणून सप्टेंबर हा छाटणीचा महिना धरा. शेंडा कापा, वर जड झालेल्या फांद्या कमी करा, एकमेकींत घुसलेल्या काढा. शेंडा कापल्यावर खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात आणि काठीसारखं सरळ वाढलेलं झाड डेरेदार होतं. म्हणजे सुरक्षितताही साधते आणि रूपही. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नका.

जमिनीत लावलेल्या नव्या झाडाला पहिली दोन वर्षं तीन बाजूंनी बांबू लावा. जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी सैल बांधा, खोडाला थोडं हलता आलं पाहिजे. घट्ट आवळलेली नायलॉनची दोरी खोडात रुतते. वादळाचा इशारा आला की गच्चीवरच्या कुंड्या कठड्यावरून उतरवा, भिंतीच्या आडोशाला एकत्र ठेवा. फार उंच झाड असेल तर कुंडी सरळ आडवी करून ठेवा. दोन दिवसांत काही बिघडत नाही.

कापलेल्या फांदीचं काय करायचं?

फेकू नका. त्याहून चांगलं म्हणजे कापण्याआधीच तिच्यावर गुटी कलम बांधा. जुलैमध्ये अंगठ्याएवढ्या जाड फांदीची दोन-तीन सेंटिमीटर साल गोल काढा, आलेला पांढरा चीक पुसा, भिजवून पिळलेलं कोकोपीट किंवा शेवाळ भोवती लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधा. साधारण दीड-दोन महिन्यांत आत मुळं दिसू लागतात. सप्टेंबरमध्ये छाटणी करताना तीच फांदी मुळांसकट कापून नव्या कुंडीत लावा. वाढदिवसाला किंवा गृहप्रवेशाला देण्यासाठी याहून छान भेट नाही.

पाण्याच्या बाटलीत एकच पान ठेवून रोप तयार केल्याच्या रील तुम्ही पाहिल्या असतील. पानाला मुळं फुटतात, हे खरं. पण त्याच्याजवळ डोळा नसेल तर त्यातून नवं खोड कधीच येत नाही. वर्षानंतरही ते मुळं असलेलं एक पानच राहतं. फांदीचा डोळा असलेला तुकडा घ्या.

पानं काय सांगतात?

खालची जुनी पानं, मधोमध किंवा देठाजवळ काळपट-तपकिरी डाग, माती ओली: पाणी जास्त झालंय. पाणी थांबवा, कुंडीची भोकं तपासा.

कडा कोरड्या, कुरकुरीत, माती कुंडीपासून सुटलेली: पाणी कमी पडतंय. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा.

वरच्या पानांवर पांढरट भाजल्यासारखे चट्टे: ऊन एकदम जास्त मिळालं. जागा बदला.

कोवळ्या पानांवर बारीक लालसर ठिपके: पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही, असं होतंय. पान मोठं झालं की ठिपके बरेचसे जातात.

नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान: उजेड किंवा खत कमी पडतंय, नाहीतर मुळांना कुंडी पुरत नाही. दोन वर्षांनी दोन इंच मोठी कुंडी द्या.

पानांच्या मागे कापसासारखा पांढरा थर: पिठ्या ढेकूण. लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब घालून, चांगलं हलवून, संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

घरात लहान मुलं, मांजर किंवा कुत्रा असेल तर हेही लक्षात असू द्या. या झाडाचा पांढरा चीक त्वचेला लागला की खाज सुटते, डोळ्यात गेला तर जळजळ होते. छाटताना हातमोजे घाला. पानं चघळली तर मांजर-कुत्र्यांना लाळ सुटते, उलट्या होतात. मोठ्या झाडाला कधी हिरवी अंजिरासारखी फळं आली, तर ती खायची नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

महाराष्ट्रात असाल तर

मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा तंजावरसारखीच दमट. फरक पावसाच्या महिन्यांचा. तिथे मोठी छाटणी मे महिन्यात, पावसाआधी करा. ताटल्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत काढून ठेवा. जमिनीत लावायचं असेल तर पहिल्या एक-दोन पावसांनंतर. तंजावरात हेच काम जुलै-ऑगस्टमध्ये करतात, म्हणजे ऑक्टोबरच्या पावसाआधी मुळं धरतात.

पुण्यात, नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांखाली जातात. तेव्हा कुंडी भिंतीच्या आडोशाला किंवा रात्रीपुरती आत घ्या. नागपूर-विदर्भात उन्हाळा ४५ अंशांपर्यंत कोरडा तापतो. मार्च ते जून जाळी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी हवंच. तिथे हे झाड उघड्यावर जमिनीत लावण्याच्या फंदात पडू नका.

सूर्याचं गणितही बदलतं. पुणे-मुंबईत दुपारचा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतच उत्तरेकडे असतो, आणि त्यातला बराच काळ ढगांचा. त्यामुळे तिथे उत्तरेची बाल्कनी बहुतेक वर्षभर सावलीची, म्हणून या झाडासाठी पूर्वेची बाजूच निवडा.

शेवटचं एक

तुमच्याकडे खरोखर मोकळी जमीन असेल, भिंतींपासून दूर, झाडाला हवं तेवढं वाढू देता येईल अशी, तर लावण्याआधी एकदा उंबराचाही विचार करा. फायकस घराण्यातल्या जवळपास प्रत्येक जातीची फुलं फळवण्यासाठी गांधीलमाशीच्या कुळातला एक ठरावीक चिमुकला कीटक लागतो. फिडल लीफचा सोबती आफ्रिकेत राहिला, म्हणून इथे त्याला साधारणपणे बी धरत नाही. उंबराचा सोबती इथलाच आहे. उंबराला खोडावर फळांचे घोस लागतात आणि बुलबुल, कोकीळ, खारी, वटवाघळं त्यावर जगतात. तमिळमध्ये उंबराला ‘अत्ति’ म्हणतात, नर्सरीत याच नावाने मागा. अंतराची अट उंबरालाही तीच, २० फूट. तोही त्याच घराण्यातला.

म्हणजे वाटणी अशी करता येईल: जमीन उंबराला, कुंडी फिडल लीफला. पूर्वेच्या ओट्यावर किंवा चौकात मातीच्या कुंडीतलं, वर्षातून एकदा छाटलेलं, सहा-सात फुटांचं फिडल लीफ अनेक वर्षं सुंदर राहतं. घर बदललं तर तुमच्यासोबत येतं, आणि त्याच्यामुळे कुणाच्या भिंतीला तडा जात नाही.

या रविवारी रोप आणायला जाण्याआधी एवढंच करा: जागा ठरवा, तिचे तीन फोटो काढा आणि टेप घेऊन भिंतीपासूनचं अंतर मोजा. रोप त्यानंतर निवडा. आणि आधीच घरात एखादं फिडल लीफ पानं गाळत उभं असेल, तर आजच त्याला उजेडाच्या ओट्यावर हलवा आणि पुढचं पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा.